लाल बटण कुणी दाबायचं

देवळी, ९ जानेवारी २०२५

तीर्थरूप मोठेबाबांच्या सेवेशी,
पुतणी छाया हिचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचे निरोप तुम्ही उघडत नाही, म्हणून पत्र. आई म्हणाली, तुझे मोठेबाबा तीस वर्षं जिनिंगात फिटर होते, मला काय विचारतेस, त्यांना विचार.

सोमवारी आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये आग लागली. मोठी नव्हती. सरकी काढलेल्या रुईच्या ढिगात ठिणगी पडून आत धुमसत होती. वीस मिनिटांत विझली. गोपिकाबाई म्हणून जुन्या कामगार आहेत, त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला. बाकी सगळे ठीक. मालक म्हणाले, नशीब.

मला नशीब वाटत नाही. रुई उपसली तेव्हा खाली हातभर खोल काळं होतं. म्हणजे धूर बराच वेळ येत असणार. हॉलमध्ये चव्वेचाळीस माणसं. मशीन थांबवायचं लाल बटण तीन ठिकाणी आहे. मी एकेकाला विचारलं. सगळे म्हणाले, धूर दिसला नाही मॅडम. सगळ्यांचे शब्द तेच. तेव्हापासून मला भीती वाटते. सकाळी फाटकातून शिरताना मी आधी छपरावर धूर आहे का ते बघते. पुढच्या वेळी वीस मिनिटं मिळणार नाहीत.

दसऱ्याला मी मॅनेजर झाले त्याआधी इथे कुणीही उठून मशीन थांबवायचं. आता जो थांबवेल त्याने तिथेच, सगळ्यांसमोर मला कारण सांगायचं. डिसेंबरात रुपेश नावाच्या ऑपरेटरने जळका वास आला म्हणून बटण दाबलं. निघालं पट्ट्याचं रबर. मी त्याला विचारलं, नाक वास घ्यायला आहे की नथ घालायला. सगळे हसले. त्यानंतर एकदाही मशीन फुकट थांबलेलं नाही.

एवढी शिस्त असून ही माणसं आगीला भीत नाहीत. त्यांना आगीची भीती कशी घालायची, ते कळवा.

मोठीआईंना नमस्कार. रागवायचं असेल तर रागवा, लोभ तेवढा राहू द्या.

तुमची,
छाया


वडनेर, १५ जानेवारी

चि. छायास,
चंद्रभानचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. अक्षर बापासारखंच, बस सुटून राह्यल्यासारखं. भाजलेल्या बाईच्या घरी गेलतीस का, ते लिहिलं नाई. आधी जाऊन येजो.

आता एक गोष्ट लिहितो. कोणाले सांगितली नाई.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी मागच्या दारानं अंगणात आलो. तुझी मोठीआई अन् सून जया तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दोघींचे ओठ हालून राह्यले होते. हसून राह्यल्या होत्या. मी दिसलो अन् ओठ थांबले. मी म्हटलं, असंन काही बायकांचं. दुसऱ्या दिवशी पाह्यलं. तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच.

सहा वर्षं मले वाटे का कान गेले म्हणून घर शांत आहे. कान गेले हे खरं. पण घरही गप्प होते, मी आलो का. जयाले विचारलं काऊन थांबली. तिच्या ओठांवरून समजलं, काई नाई बाबा. तुझ्या माणसांवानीच.

मी कोणावर हात उचलला नाई. आवाज मोठा, तो जिनिंगातून घरी आला, बस. असं मी समजत होतो. मी घरात काय केलं, ते मलेच माहीत नाई.

तुले त्याईले आगीची भीती घालायची आहे. ते आधीच कोणाले तरी भेऊन आहेत, पोरी. एका माणसाच्या छातीत दोन भीत्या मावत नाईत, मोठी असते ते राह्यते. कोणाची मोठी आहे, ते पाह्यजो. हॉलमध्ये शिरताना मशीनकडे नको पाहू. तोंडाकडे पाह्यजो.

म्हातारा बहिरा आहे, पण आशीर्वाद पक्के आहेत.

चंद्रभान


देवळी, २६ जानेवारी

तीर्थरूप मोठेबाबांना,
सा. न. वि. वि.

तोंडाकडे पाहिलं. दारात उभी राहिले. सगळ्यांत जवळच्या बाईने मला पाहिलं आणि तिचं बोलणं थांबलं. मी चार पावलं टाकेपर्यंत ते थांबणं गाठी बांधायच्या प्रेसपर्यंत पोचलं होतं. सगळ्या माना खाली. चार महिने मी हे रोज बघत होते. मला वाटायचं, काम असंच दिसतं.

गोपिकाबाईंकडे तीनदा गेले. पहिल्या दोनदा त्यांनी बांधलेल्या हाताने चहा करून दिला आणि सोयाबीनच्या भावावर बोलत राहिल्या. तिसऱ्यांदा मी चहा नको म्हटलं. तेव्हा सांगितलं.

रुपेशला धूर दिसला होता. तो बटणापर्यंत गेला होता. पण मी हॉलमध्ये उभी होते. तो मी जाण्याची वाट बघत राहिला. ज्यांना ज्यांना दिसला, ते सगळे वाट बघत राहिले. दहा मिनिटं. मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले, काहीतरी विचारायला. शेवटी गोपिकाबाईंनी हातांनीच जळती रुई बाहेर ओढायला सुरुवात केली. मी विचारलं, बटण का नाही दाबलं. त्या म्हणाल्या की, रबर निघालं असतं त तुम्ही मले काय म्हणलं असतं मॅडम, माह्या नाकात त नथही नाई.

त्या रागात नव्हत्या. समजूत घातल्यासारखं बोलत होत्या. त्यानेच मी जास्त घाबरले.

मला ती दहा मिनिटं आठवतात, मोठेबाबा. मी चालत्या मशीनकडे बघत होते आणि खूश होते. किती छान चाललंय सगळं, असं मनात म्हणत होते.

तीन दिवस मी हॉलमध्ये गेलेले नाही. ऑफिसच्या काचेतून बघते. मी आत गेले की काय बंद पडेल, सांगता येत नाही.

माझ्यावरचा लोभ तपासून बघा आणि उरला असेल तर कळवा.

छाया


वडनेर, १ फेब्रुवारी

चि. छायास,
अनेक आशीर्वाद.

काचेमागं बसू नको. मी पण बसलो होतो, गोठ्यात, दोन दिवस. तुझी मोठीआई आली अन् हातवारे करून म्हणे, आता ढोराईलेही धाक लावता का.

मी तिले म्हटलं, माझं काय चुकते ते तोंडावर सांग. ती म्हणे, तुमाले ऐकू कुठं येते. मंग तिनं वही घेतली. चार पानं लिहिले, पार लग्नाच्या वर्षापासून. दीड पान वाचलं आहे. पुढं वाचाची हिंमत होत नाई, पण वही उशाशी आहे.

तू आत जा. जे झालं ते सगळ्याईपुढं सांग, आपल्या तोंडानं. मंग कोणी मशीन थांबवलं त कारण विचारू नको. शाबासही म्हणू नको. शाबासकीही मॅडमच देत असते.

घाबरलीस हे चांगलं का वाईट, मले समजत नाई. आशीर्वाद दोन्हीले आहे.

चंद्रभान


देवळी, १६ फेब्रुवारी

तीर्थरूप मोठेबाबांना,
सा. न. वि. वि.

पाच तारखेला मी सगळ्यांसमोर सांगितलं. धूर दिसला होता, मी तिथे होते म्हणून बटण दाबलं गेलं नाही, गोपिकाबाईंचा हात माझ्यामुळे भाजला. यापुढे कारण सांगायची गरज नाही. रुपेश चपलेचा अंगठा बघत होता. मग सगळे कामाला लागले.

त्यानंतर मी रोज आत गेले आणि रोज उभी राहिले. नऊ दिवस कुणी बटणाकडे पाहिलंही नाही. मला छपराचीच स्वप्नं पडायची.

शुक्रवारी गोपिकाबाईंनी दाबलं. कामावर परत येऊन त्यांना दोनच दिवस झाले होते. हातावर अजून गुलाबी कातडी आहे. माझ्यापासून पाच फुटांवर, माझ्याकडे बघत दाबलं. सगळं थांबलं. त्या हॉलमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. धूर नव्हता, वास नव्हता. ते मला माहीत होतं, त्यांनाही होतं. फाटकावर ट्रक भोंगा वाजवत होता. चव्वेचाळीस माणसं आणि एकही मशीनकडे बघत नव्हतं.

मला राग आला. तो येताना मी पहिल्यांदा पाहिला. पोटातून निघाला, जबड्यापर्यंत आला, आणि तिथे वाक्य तयार होतं. शोधावं लागलं नाही. गोपिकाबाईंच्या त्या हाताबद्दलचं वाक्य होतं. चांगलं होतं, मोठेबाबा. सगळे हसले असते.

मी तोंड मिटून उभी राहिले. गोपिकाबाई रुईच्या ढिगाकडे गेल्या, भाजलेला हात आत घातला, सावकाश सगळीकडे फिरवला. मग रुपेशला म्हणाल्या की, चालू कर बाबू. तो माझ्याकडे बघायला वळला आणि अर्ध्यातच थांबला. त्यांच्याकडे बघून त्याने मशीन चालू केलं.

काल प्रेसवाल्यानेही एकदा थांबवलं. आई म्हणते, आता तरी नीट जेव. तिला वाटतं, भीती गेली. आगीची थोडी कमी झाली आहे. पण ते वाक्य अजून माझ्या तोंडात आहे, शब्दन् शब्द. तुम्हालाही लिहिणार नाही.

या वेळी लोभ मागत नाही. लक्ष असू द्या.

तुमची,
छाया