वरच्या कुरणाचं गवत

प्रिय तनू,

तुझ्या लाहौलच्या डोंगरावरून गारखेड्याला सुखरूप पोचले. पाय अजून सुजलेले आहेत, पण शेजारच्या लीलाबाई रोज येऊन बसतात. इतक्या उंचावर मेंढ्या जगतात तरी कशा, हेच त्यांना खरं वाटत नाही.

मग मी त्यांना तुझी जनावरांची डॉक्टरकी अन् तुझ्या कोकरांची गोष्ट सांगते. मी आले तेव्हा निम्मी मलूल होती. भोवती एवढं गवत, तरी अंगाला लागत नव्हतं. तू एकेकाला झोळीत घालून काट्याला टांगायचीस अन् वजन बघून ओठ चावायचीस. पोटात जंत झालेत, हे कुरण चरून चरून खराब झालंय, औषध पाजून कळप अजून वर न्यायचा, असं तुझं म्हणणं. म्हातारे मेंढपाळ ऐकेनात. वरच्या थंडीत पिल्लं मरतील म्हणाले. तू आवाज चढवला नाहीस. इथं राहिली तर वाढणार नाहीत, अन् न वाढलेलं कोकरू बर्फात टिकत नाही, जबाबदारी माझी, एवढंच हिंदीत सांगितलंस.

वर गेल्या गेल्या एक कोकरू मेलंच. तू ते पुरलंस, चहासुद्धा न घेता परत कळपामागं गेलीस. मला वाटलं, पोरीला आत्ताच्या आत्ता घरी न्यावं. पण मी निघाले तेव्हा त्याच कोकरांच्या पाठी भरल्या होत्या. एकानं तर ढुशी मारून मला लोळवलंच! अन् त्या मेंढपाळांतल्याच एका म्हाताऱ्यानं आपणहून तुला विचारलं, "डॉक्टरनी, कल किधर ले जाना है?"

तुझ्या अण्णांनी हे बघायला हवं होतं. ते गेल्यापासून तू रोज फोनवर विचारतेस, जेवलीस का. जेवते गं. वरच्या खोलीत नर्सिंगच्या दोन पोरी भाड्यानं ठेवल्यात, लई बडबड्या. त्यांना भाकरी थापायला शिकवतेय. अधूनमधून देवगावला तुझ्या धाकट्या भावाकडं, गोकुळकडं जाऊन येते.

काल तोच बोलून गेला, ताईनं इकडं बदली मागितलीय. मी एकटी पडले म्हणून. तनू, ती बदली रद्द करून घे. तुझी आठवण येते, ते काही लपवत नाही. पण त्या डोंगरावर तू जशी ताठ उभी असतेस, तशी तू मला इथं कधी दिसली नाहीस. मला भेटायचं झालं तर पुढच्या उन्हाळ्यात मीच येईन. गोकुळला तिकिटाचं सांगून ठेवलंय.

तुझीच, धापा टाकत का होईना पण वर चढणारी,
आई