ब्रॅकेटवरचं कुंकू

१६ ऑक्टो. २०१८
पहिला लॉट मोजून झाला. सगळे ब्रॅकेट मापात. नौदलाच्या हेलिकॉप्टरात बसणार. डिझाइन परदेशातलं, बांधायचा परवाना मोठ्या कंपनीकडे, आणि हा एवढासा तुकडा आमच्या तलासरीच्या शेडमध्ये. लेप चढेपर्यंत उघड्या धातूला काहीही लागू नये, अशी ड्रॉइंगवर अट. मीही हातमोज्यांशिवाय धरत नाही.
तपासणीचा शिक्का माझा. मालक मेहुलभाई म्हणाले, "बेन, तू ठप्पा मारलास की माल निघाला." घरी सांगितलं तर आई म्हणते, "म्हणजे तू नाही म्हटलंस तर इमान उडायचं नाही?" हेलिकॉप्टर म्हटलं तरी ती इमानच म्हणते.

१८ ऑक्टो., दसरा
यंत्रांना हार, पेढे, दुपारी सुट्टी. बाबा शेडमध्ये झाडलोट करतात, ते आवरायला मागे थांबले. मी एकटीच घरी कैनाडला आले.

१९ ऑक्टो.
ट्रेचं झाकण उघडलं. प्रत्येक ब्रॅकेटवर ओल्या कुंकवाचं बोट.
बाबा म्हणाले, "लेथला लावलं, ड्रिलला लावलं. तुझ्या कामाला कसं सोडू?" झाकणही त्यांनीच नीट परत घातलं होतं.
पुसलं. खाली पांढुरके डाग. कुंकवात चुना असतो, आणि चुना ॲल्युमिनिअमला खातो. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी शिकलेलं.  ब्रॅकेट नापास मालाच्या लाल पेटीत ठेवले.

२० ऑक्टो.
मे.भाई: "रंगाखाली जाणार. कोण बघतंय?"
मी म्हटलं, समुद्रावर उडणार आहे, खारी हवा लागेल. डाग आत किती गेलाय, माहीत नाही.
"खारी हवा डहाणूलाही आहे. माझी स्कूटर चालते ना?"
मग हळू आवाजात: "कोणी लावलं विचारतील, तेव्हा काय लिहिशील?"
शिक्का पर्समध्ये घालून आणला. शेडमध्ये ठेववेना. आत चार माणसं उडणार, की पाच? आणि बाबा. या वयात त्यांना दुसरीकडे काम कोण…

२२ ऑक्टो.
जीपमध्ये बाबा: "बाय, माझं काही चुकलं का?"
"नाही."
"मग लाल पेटीत का टाकलेस?"
ड्रायव्हरने गाणं मोठं केलं. बरं झालं.

२३ ऑक्टो.
मोठ्या कंपनीला मेल केला. पूजेत कुंकू लागलं, डाग आहेत, पुढे काय करावं. बाबांचं नाव नाही.  संध्याकाळी मे.भाई: "पुढची ऑर्डर गेली तर सगळ्यांच्या घरी तूच सांग."

२६ ऑक्टो.
उत्तर आलं. लॉट थांबवा. परदेशातल्या डिझाइनवाल्यांना विचारतोय. त्यांना हवंय: कोणता पदार्थ, कोणी लावला, कशासाठी.
पदार्थ लिहिला. पुढे लिहिता येईना.

२७ ऑक्टो.
बाबांना सगळं सांगितलं. चुना, डाग, मेल, आणि आता नाव मागतायत ते. ते अंगणात बसून खुरप्याची मूठ घट्ट करत होते. 
"त्यांच्या देशात नव्या यंत्राला काय लावतात?"
"माहीत नाही, बाबा."
"विचार त्यांना. आणि माझं नाव लिही. पूर्ण लिही, बापाच्या नावासकट."
नाव टाइप केलंय. मेल अजून उघडाच आहे.