आत घेतलेलं पोट

चि. धाकट्यास,

थोरल्याचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? मी बरा आहे. तुझी वहिनी माझ्याहून ठणठणीत आहे (आणि ते मला दिवसातून चारदा ऐकवते).

शिलाईचं दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून मी घरात अडगळ झालो होतो. शेजारची मुलगी शिल्पकला शिकते. तिला परीक्षेसाठी खऱ्या माणसाचा त्याच्याच मापाचा, हुबेहूब पुतळा करायचा होता आणि खरा माणूस काही मिळेना. तुझ्या वहिनीनं मला देऊन टाकलं (जुनी खुर्ची द्यावी तसं). उघड्या अंगानं बसायचंय हे मला तिच्या कॉलेजच्या वर्गात गेल्यावर कळलं. आजूबाजूला पंधरा मुलंमुली आपापल्या मातीत रमलेली, आणि मध्ये स्टुलावर मी, अर्ध्या चड्डीत. (चड्डी मीच शिवलेली, तेवढीच काय ती इभ्रत.)

तुला माहीतच आहे, चाळीस वर्षं मी लोकांच्या कमरेला टेप लावली. टेप लागली की भलेभले पोट आत घेतात, म्हणून मी गुपचूप दोन बोटं सैल धरायचो आणि मनातल्या मनात हसायचो. तोच मी स्टुलावर बसलो आणि पोट जे आत ओढलं, ते पाच आठवडे बाहेर येऊ दिलं नाही! मुलगी बिचारी माती चढवत राहिली. म्हटलं, निदान पुतळ्यात तरी आपण सडपातळ राहू.

परीक्षेला चार दिवस उरले तेव्हा तिचे सर बघायला आले. पुतळ्याभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, माझ्याभोवती एक, आणि म्हणाले, "हा बसलेला माणूस नाही, फोटो काढून घेणारा माणूस आहे. त्या मानेच्या शिरा बघ. असाच दिलास तर नापास होशील." पोरीचे डोळे भरून आले. तिला वाटलं, आपला हात चुकला. हात कसला चुकतोय? दिसलं ते तिनं बिनचूक केलं होतं, लबाडी माझी होती. माझ्या पोटापायी पोरीचं वर्ष जाणार, या विचारानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग काय, डोळे मिटले आणि सगळ्या वर्गासमोर पोट सोडून दिलं. धाकट्या, कुणी हसलं नाही रे. उलट सगळे हातातली माती टाकून पुढे सरकले. माझ्या पोटाकडे इतक्या आदरानं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. तिनं पुतळ्याचं धड पाडलं आणि चार दिवसांत पुन्हा उभं केलं. पोटाच्या दोन वळ्या, कापडावर वाकून वाकून उतरलेला उजवा खांदा, काही म्हणून सोडलं नाही. पोरगी पहिली आली. निकाल ऐकून मी तिथेच रडलो.

तुझा,
थोरला

ता. क. तो पुतळा तिनं प्लास्टरमध्ये ओतून मला भेट दिलाय. बाहेरच्या खोलीत मी वळ्यांसकट बसलोय आणि येणारा-जाणारा दोघांची तुलना करतो. तुझ्या गच्चीवर जागा आहे. रविवारी टेम्पो पाठव, पत्र त्यासाठीच लिहिलंय. वहिनीकडे बोलू नकोस.

आणखी एक ता. क. भावोजी, पत्र टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. टेम्पो पाठवू नका. लग्नापासून आजवर यांचा एकही फोटो असा नाही, ज्यात यांनी श्वास रोखलेला नाही. रोज संध्याकाळी माझ्याशेजारी बसतात ते हे, फक्त त्या पुतळ्यातच आहेत. तो मी कुणाला द्यायची नाही. हवं तर यांना न्या महिनाभर.