रोवणीतला खून

आसगाव, १९ जुलै २०२५

चि. मेघाला आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवरच बोलले असते, पण फोन दिवसभर शेतात असतो आणि रात्री चार्जिंगला. म्हणून पत्र. ओळी वाकड्या गेल्या तर डोळ्यांना बोल लाव, मला नको.

उन्हाळ्यात तू फोनमध्ये भरून दिलेली ऐकायची पुस्तकं कशी वाटली, विचारलं होतंस. मधमाश्यांचं उत्तम. एक राणी बसून राहते आणि बाकीच्या मरेस्तोवर राबतात, हे ऐकून सासूबाई आठवल्या. चांगल्या झोपेवरचं तीनदा लावलं, तीनदा झोपले. लेखक हुशार असावा. प्रेमाची कादंबरी अर्ध्यात सोडली. नायक पावसात उभा राहून रडतो. पावसात उभं राहून आम्ही रोवणी करतो.

खुनाची कादंबरी मात्र कामाची निघाली. जमीनदाराला विष कोणी दिलं, पुतण्यानं, वकिलानं की डॉक्टरनं? यंदा धान रोवायला बायका मिळत नाहीत. रत्नाबाईची टोळी सगळ्यांनाच हवी. शेजारच्या शेतातले मधुकरराव तर बायकांना चहासोबत आलूबोंडे देतात. मी शेताच्या कडेला धुऱ्यावर स्पीकर ठेवून ही कादंबरी लावते, आणि संध्याकाळी कादंबरीत कोणी दार उघडायला गेलं की बंद करते. सकाळी सगळ्या हजर. रत्नाबाई म्हणते, तू त त्या वकिलाहून बदमाश आहेस वं, मले सपनातही तोच दिसून राहिला.

धानाची मोठी बांधी अजून रोवायची राहिली आहे. पऱ्ह्यांची रोपं पिवळी पडायच्या आत ती रोवून झाली पाहिजे. डोळ्याच्या ऑपरेशनचं दिवाळीनंतर बघू. माया असू दे, आग्रह नको.

तुझी आनंदाआत्या

नागपूर, २३ जुलै २०२५

ती. आत्याला मेघाचा सा. न. वि. वि.

तुझी मतं ऑफिसात वाचून दाखवली. सगळ्यांनी झोपेचं पुस्तक मागितलं.

एक सांगायचं राहिलं होतं. खुनाच्या कादंबरीचा शेवटचा भाग तुझ्या फोनमध्ये नाही. मे महिन्यात ऑपरेशनला येते म्हणालीस आणि ऐन वेळी लोणच्याचं कारण काढलंस. तेव्हाच, पुस्तकं भरून देताना, तो मी काढून ठेवला. ही विद्या तुझीच. लहानपणी गोष्ट अर्धी ठेवून मला कारलं कोण खाऊ घालायचं?

डॉक्टरांनी बजावलंय की आता उशीर केला तर डाव्या डोळ्याचा भरवसा देता येणार नाही. आठ ऑगस्टची तारीख घेतली आहे. खुनी माझ्याकडे सुखरूप आहे. तू आलीस की लगेच हवाली करीन.

लोभ आहेच, तो वाढवायला नागपूरला ये.

तुझी मेघा

आसगाव, ३० जुलै २०२५

चि. मेघाला आत्याचा आशीर्वाद, जरा हात आखडून. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी, मोठी बांधी अर्धी झालेली असताना, फोन गप्प झाला. वकील दाराशी, बायकांच्या हातात पऱ्हे. रत्नाबाईनं कंबर सरळ केली आणि म्हणाली, खुनी सांग, नाही त आमी चाललो आलूबोंडे खायले.

मग शेवट मीच रचून सांगितला. चिखलात उभी राहून, संध्याकाळपर्यंत पुरवला. तुझ्या तारखेचा राग होता, म्हणून डॉक्टरलाच धरलं. गोड बोलणारा, गोऱ्या हाताचा. जमीनदाराच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकतो, विष त्यातच. बायका ऐकत गेल्या, हात चालत गेले, बांधी झाली. अख्ख्या पुस्तकात तेवढाच भाग दमदार, असं टोळीचं मत पडलं.

आता त्याचं फळ भोगते आहे. ऑपरेशनला निघाले म्हटल्यावर रत्नाबाई दारात येऊन बसली. डोळ्याच्या डाक्टरकडे एकटी कायले जातेस, म्हणाली, तोही तसेच थेंब टाकीन. ते मी रचलेलं होतं, असं शपथेवर सांगितलं. ती म्हणते, इतकं खरं कोणी रचत नाही. तीही सोबत येणार आहे. बाटलीतला पहिला थेंब डॉक्टरनं स्वतःच्या डोळ्यात टाकायचा, ही तिची अट. ती तूच त्यांच्या कानावर घाल.

सात तारखेला दुपारच्या एसटीनं येतो. दोघींचा भात टाक. पट्टी बांधल्यावर शेवटचा भाग आम्ही दोघी मिळून ऐकू.

राग ओसरला आहे, माया होती तेवढीच आहे.

तुझी आनंदाआत्या

ता. क. मला आत नेण्याआधी, रत्नाबाईला ऐकू जाणार नाही असं, एवढंच सांग. खरा खुनी डॉक्टर नाही ना?