ताईच्या तोंडावरचा हात

४ मार्च
ताई ऐकेना! फेसलिफ्टचा हट्टच. "चेहरा ओढून घ्यायचा तर तुझ्याकडूनच. परके डॉक्टर आधी हसून दाखवा म्हणतात. तुला वेगळं काय सांगायचं? तूच बघ काय ते." घरच्यांवर सुरी चालवू नये म्हणतात. पण थोरल्या बहिणीपुढे माझं कधी चाललंय?

सिस्टर कॅमेरा घेऊन आली — हसताना, भुवया उचलताना, ओठ मुरडताना, ऑपरेशनआधीचे नेहमीचे फोटो. ताईनं तोंडावर हात धरला. मी म्हटलं, राहू दे गं, हा चेहरा मला पाठ आहे.

६ मार्च
झालं ऑपरेशन! जबड्याच्या कडेला ओठाचा कोपरा हलवणारी नस असते, दोऱ्याएवढी. तिथे मुंगीच्या पावलानं गेले. तिच्यावरचा थर उघडलाच नाही. भूलवाले डॉक्टर वैतागले, "मॅडम, आज मुक्काम इथेच का?"

संध्याकाळी म्हटलं, ताई, हस बघू. हात वर नेऊ लागली, पण सलाइन होतं. डावीकडचा खालचा ओठ जागचा हलला नाही! बधिरतेचं औषध असेल अजून. उतरेल.

७ मार्च
उतरलं नाही.

९ मार्च
काय करून बसले मी! ज्यांच्या हाताखाली शिकले ते सर बघून गेले. "आधीचे फोटो दाखव." काढलेच नाहीत म्हटल्यावर म्हणाले, "शिकाऊ पोरांना आपण यासाठीच झापतो ना गं?" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताई एक शब्द बोलत नाही. आरसा बघते, पालथा ठेवते. शिव्या घाल बाई, पण गप्प नको राहूस!

१४ मार्च
भावोजी ताईला न्यायला आले. कसंबसं सांगितलं — ओठाची नस दुखावली, माझ्या हातून.

"कुठला, डावा? अगं, तो पहिल्यापासूनच तसा! म्हणून तर हसताना हात धरते. तुला माहीत नाही?"

आयुष्यभर मला वाटायचं, ताईला उगाच लाजायची सवय! हसू की रडू कळेना. नस शाबूत आहे! माझा हात चुकला नाही!

१५ मार्च
फोन केला. अगं ताई, आधीच का नाही बोललीस? माझा जीव टांगणीला लागला होता!

"तुला दिसत असेलच वाटलं गं. तेच तर सरळ करून घ्यायला आले होते."