दार उघडणारीचं नाव

प्रिय जॅनिस,

फोनवर तू आरडाओरडा केलास, तो सगळा मुकाट्याने ऐकून घेतला. "आई, सत्त्याहत्तराव्या वर्षी कोर्टाची पायरी चढणार आहेस का?" म्हणालीस. चढणार आहे बाई! गुडघा कुरकुरेल, पण चढेन. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र.

आधी एक ऐक. माझ्या टीव्हीचं लायसन्स आहे, दर वर्षी सरकारने ठरवलेली फी भरून घेतलेलं. तुझे बाबा गेले त्या महिन्यातही ते भरायला मी चुकले नाही. ज्याच्यावरून हे रामायण झालं तो बिनलायसन्सचा टीव्ही खालच्या मजल्यावरच्या कर्स्टीचा. ती मासळीच्या कारखान्यात राबते, नवरा केव्हाच पळालाय, आणि ती कामावर असली की तिच्या घरी बसून दोन्ही पोरींना मी सांभाळते. त्या दुपारी प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम ऐन रंगात आला होता आणि दार वाजलं. बाहेर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, पावसात निथळणारा, लायसन्स तपासणारा माणूस. मी काय म्हणणार? "या, चहा घ्या." ग्रिम्सबीत दारात आलेल्याला कोणीही हेच म्हणेल. त्याला आत यायचा हक्कच नव्हता, मी दार लावून घेतलं असतं तर तो आल्या पावली परत गेला असता, हे मला नंतर कळलं. मेल्याने चार बिस्किटं खाल्ली आणि मग कागद काढून विचारलं, "टीव्ही कोण बघतंय?" मी म्हटलं, "मी बघतेय, दिसत नाही का?" खरंच बघत होते. बिनलायसन्सचा टीव्ही बघताना जो सापडेल, गुन्हा त्याच्याच नावावर; त्याने माझं नाव लिहिलं, मी खाली सही ठोकली.

कर्स्टी घरी आली आणि ऐकून कोट न काढताच परत दाराकडे वळली. गेल्या वर्षी ती एकदा सापडली होती, तो दंड अजून फिटतोय. "डोरीन, मी जाऊन सांगते, घर माझं आहे," म्हणाली. मी म्हटलं, "गप बस, आधी जेव."

तुला आठवतं, तू सात वर्षांची असताना आपला टीव्ही दुरुस्तीला गेला होता? रोज शाळेतून आलीस की दप्तर टाकायच्या आधी विचारायचीस, आज आला का? दुरुस्ती कसली न काय! टीव्ही आणला तुझ्या बाबांनी, लायसन्स काढलं नाही त्यांनी, आणि ते बोटीवरून मासेमारीला गेलेले असताना दार उघडलं मी. म्हणून कागदावर माझं नाव. दंडासाठी टीव्ही विकला. गावच्या पेपरात नाव छापून आलं, तेव्हा धोबीघरातल्या बायका मला ऐकू येईल अशा बेताने म्हणायच्या, "हळू बोला गं, कैदीणबाई आल्या!" आजही दारं बायकाच उघडतात आणि कागदावर नावं बायकांचीच चढतात. शरम मी चाळीस वर्षांपूर्वीच भोगून संपवलीय. आता माझ्याकडे फक्त राग शिल्लक आहे, आणि तो चांगला टिकलाय.

तुझ्या नवऱ्याने लिहून पाठवलेला मजकूर मी फाडून टाकला. 'ते घर माझं नाही, तिथे दुसरी बाई राहते,' असं म्हणे मी कोर्टाला कळवायचं! म्हणजे मी सुटायचं आणि त्या पोरीला पुढे ढकलायचं? मुळीच नाही. असल्या खटल्यांचा निकाल हल्ली टपालानेच लावतात, माणसाचं तोंडसुद्धा बघत नाहीत. मी कळवलंय, माझं तोंड बघावं लागेल.

मंगळवारी, सकाळी दहाला. पैसे पाठवू नकोस, वकील तर अजिबात नको. कर्स्टीलाही मी कामावर पिटाळणार आहे, तिथे येऊन तिने तोंड उघडलं तर सगळं मुसळ केरात. पण जॅनिस, तू सात वर्षांची होतीस त्या वेळी कोर्टातल्या बाकावर मी दोन तास एकटी बसले होते. सोबत ये असं कोणाला म्हणायचीच लाज वाटली. आज तुला म्हणतेय. तू ये, आणि माझ्या शेजारी बस.

तुझीच हट्टी,
आई