दोन एचपीचा निळा पंप

सोमवार, १७ नोव्हेंबर. सकाळी ६.१०
आजपासून तीन संकल्प. एक, रोजनिशी रोज लिहिणे. (मागची जूनमध्ये बंद पडली, पण त्या वहीचा कागदच खराब होता.) दोन, तिसरा चहा बंद. तीन, आपल्या शाळेची परसबाग स्पर्धेत जिल्ह्यात पहिली. मी प्रभारी मुख्याध्यापक आहे. ‘प्रभारी’ या शब्दातच ‘भारी’ आहे, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

सायं. ५.४०
तिसरा चहा झाला. सहावीच्या रिता मॅडमने पाजला, म्हणून माझ्या खात्यात धरत नाही.
वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं जोरात. अडचण एकच, पाणी. सहावीची पोरं रस्त्यावरच्या बोअरिंगवरून बादल्या आणतात. त्यात ती गुंजन दोन बादल्यांत खाली बसते आणि धापा टाकते. आजकालच्या पोरांत दमच नाही. गरम पाणी पी म्हणालो.
नियम क्र. ७ व्हरांड्यात पुन्हा ठळक रंगवून घेतला : ‘शाळेत औषध आणणे, बाळगणे, घेणे सक्त मना.’ बंटीने आजोबांच्या जुलाबाच्या गोळ्या पेपरमिंट म्हणून वर्गात वाटल्या, तेव्हापासूनचा नियम. माझ्या ड्रॉवरमधल्या ॲसिडिटीच्या गोळ्या हा स्टाफचा विषय आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
आज देव भेटला! देव म्हणजे गुंजनची आई, रुखमाबाई. घरी तीन एकर धान. अर्ज घेऊन आली. जसाच्या तसा उतरवतो : ‘माझ्या मुलीसाठी पंप घेतला आहे. तो शाळेत ठेवायची आणि गरज पडल्यावर चालवायची परवानगी द्यावी.’
दान! तेही न मागता! परसबागेला पंप!
सोबत एक चिठ्ठी होती. अक्षर अजिबात लागत नाही. गॅरंटी कार्ड असावं. फाइलला लावली.
चौकशी मात्र कसून केली, तांत्रिक माणूस आहे मी. किती एचपीचा विचारलं. बाई गोंधळली, मग म्हणाली, “दोन जी. लागलं तं आखीन दोन.” म्हणजे दुसरा पंपही द्यायची तयारी! वीज? “लाईन गिन नाही लागत जी. दाबला का झालं.” म्हणजे सोलर, बटणस्टार्ट! रंग निळा. आकार विचारला तर मूठ दाखवली. मोठ्या मनाची माणसं दान असंच लहान करून सांगतात. डोळे भरून आले.
पंप कायले आणला, हेही तिनेच सांगितलं : “तिले बादली उचलली का दम लागते जी. म्हणून तं आणला.” लेकीचा त्रास पाहून अख्ख्या शाळेची सोय! मी म्हणालो, परवानगी दिली समजा. मात्र उद्घाटनाआधी चालवायचा नाही. उद्घाटन २८ तारखेला, त्याच दिवशी परीक्षक येतात. बाई म्हणाली, “तवपर्यंत कसं करन जी पोरगी?” म्हटलं, दहा दिवस कळ सोसा.

बुधवार, १९ नोव्हेंबर
रिता मॅडम म्हणाल्या, सर, तो पंप म्हणजे... मी तिथेच थांबवलं. माझे वडील धानकरी होते, मला पंप शिकवू नका. त्या म्हणाल्या, निदान ती चिठ्ठी तरी वाचा. वाचतो म्हणालो. दुपारी त्या तालुक्याला ट्रेनिंगला गेल्या, २७ पर्यंत. जळतात थोड्या.

शनिवार, २२ नोव्हेंबर
डोमाला काम दिलं. गावात गवंडी आणि पेंटर तोच. मेथीच्या वाफ्याजवळ तीन बाय तीनचा सिमेंटचा ओटा. त्यावर पंप बसेल. मागे फरशीवर दात्याचं नाव. खाली माझं, जरा मोठ्या अक्षरात, कारण माझं नाव छोटं आहे.
चिठ्ठी वाचायची राहिली. चष्मा घरी.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
शाळेमागच्या खळ्यावर थ्रेशर सुरू झालं. भुशाने आभाळ पिवळं. सगळेच खोकतात, गुंजन जास्त. मधल्या सुट्टीत ती फाटकाबाहेर सटकते, निंबाखाली एकटी उभी राहते आणि टवटवीत होऊन येते. शिस्त म्हणून फाटकाला कुलूप लावलं.
सरपंच मधुकररावांनी येतो म्हणून सांगितलं. भाषण सात पानी. कमी करायचं आहे.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
फरशी आली. डोमाने कोरलं आहे : ‘कु. गुंजन हिच्या स्मरणार्थ.’ स्मशानघाटावरची सगळी बाकं त्याचीच, हाताला सवय. पोरगी जिवंत आहे, हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं. तो म्हणाला, “आता खोडलं तं फरशी खराब होते सर. राहू द्या, मान मोठा वाटते.” तसा वाटतोच. राहू दिलं.
आणखी एक. गुंजन भिंतीमागे निळी शिट्टी तोंडात घालून बसलेली सापडली. शिट्टी वाजतही नव्हती. जप्त केली, ड्रॉवरमध्ये गोळ्यांच्या डबीशेजारी टाकली, कुलूप लावलं. विचारलं तर पोरीचे नुसते खांदे वरखाली. उद्धटपणा.
भाषण आता नऊ पानी.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर. सकाळी ७
आज! नवा सफारी घातला. पोरांकडून मैदान दोनदा झाडून घेतलं. उदबत्तीचा अख्खा पुडा.

सायं. ६
जे झालं ते लिहितो.
रुखमाबाई आल्या आल्या म्हणाली, “सर, पहिले गुंजनचा पंप द्या.” मी म्हणालो, पहिले भाषण, मग पंप. ती म्हणाली, “तुमच्याजवळच तं आहे.” मला वाटलं, अलंकारिक बोलते आहे. पाचव्या पानावर होतो. झाडल्याची धूळ, थ्रेशरचा भुसा, उदबत्तीचा धूर. गुंजन रांगेतून खाली बसली. ओठ निळसर. छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. परीक्षक माझ्या कानात म्हणाले, पंप दिसत नाही. सरपंचही म्हणाले, पंप आणा. आणि रुखमाबाई ओरडली, “पंप आणा ना कोणी!” सगळे एकच मागत होते. मी ओट्याकडे पाहत होतो.
रिता मॅडमने माझ्या खिशातून किल्ली ओढली. जप्तीच्या ड्रॉवरकडे धावल्या. ती निळी शिट्टी आणली, हलवली, पोरीच्या तोंडात धरली. दाबली. थोडं थांबून पुन्हा दाबली. दोन. मग आखीन दोन.
दोन.
पोरीच्या मागे फरशी होती. ‘स्मरणार्थ.’ मी ते वाचलं. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. हळूहळू तिचा श्वास लांब झाला. ओठ लाल झाले. रुखमाबाई पोरीला घेऊन सरळ घरी गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
परीक्षकांचा शेरा : ‘वांगी बरी आहेत.’

शनिवार, २९ नोव्हेंबर
चिठ्ठी वाचली. डॉक्टरांची आहे, अक्षर स्वच्छ आहे. ‘दमा. पंप सतत मुलीजवळ असावा. त्रास झाल्यास लगेच दोन वेळा.’
तीन वाक्यं. अकरा दिवस लागले.
संध्याकाळी रुखमाबाईच्या घरी गेलो. माफी मागितली. तिने चहा दिला, चौथा. मोजला.

सोमवार, १ डिसेंबर
छिन्नीने ‘स्मरणार्थ’ खरवडलं. माझं नावही खरवडलं, ते जास्त खोल होतं. नियम ७ खाली लिहून घेतलं : ‘दम्याचा पंप मुलाच्या खिशात राहील. परवानगी लागत नाही.’ गुंजन मधल्या सुट्टीत ओट्यावर बसते. आज माझ्या देखत पंप काढला, माझ्याकडे पाहत दोनदा दाबला. माझीच मान खाली गेली.
बादल्या आता पोरांनी आणायच्या नाहीत. मी आणणार. बारा लागतात. चौथ्या बादलीला मेथीत बसलो. श्वास वर, प्राण वर. गुंजन ओट्यावरून उतरून आली आणि म्हणाली, “सर, पंप पाहिजे का जी?”
कोणता, असं विचारणार होतो. पण बोलायला दम नव्हता.